भोक रविवारची सुट्टी घेत नाही

आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मला सगळे मामा म्हणतात. पण मामा बनवायचं काम माझं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तक्रार नको.

हुद्दा म्हणाल तर मी व्हॉल्व्हमन. छातीपर्यंत येईल एवढी लोखंडी चावी सायकलला बांधायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी फिरवायची. या गल्लीचं पाणी बंद, त्या गल्लीचं सुरू. ज्याच्या हाती चावी त्याला चहा फुकट. शिव्याही फुकट. दोन्ही मी पोटभर खाल्ल्यात.

मोठ्या इंजिनिअर म्हणून मॅडम आल्या त्या दिवशीच मी त्यांचं नाव ठेवलं, तुरटी. बोलणं असं की ऐकणाऱ्याची जीभ आखडावी. दुपारपर्यंत नाव कचेरीभर झालं. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर माझ्या स्टुलावर लिंबाएवढा तुरटीचा खडा. मॅडम आपल्या खोलीत नकाशात डोकं घालून बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "दाढीनंतर लावा, मामा. उरली तर टाकीत टाका."

खरं सांगतो, मला भरून आलं. इतक्या वर्षांत कचेरीत कोणी तोडीस तोड भेटलंच नव्हतं!

मग काय, सुरूच झालं. मी त्यांच्या खोलीतलं घड्याळ तासभर पुढे केलं. मी डबा उघडतोय तेवढ्यात मॅडम दारात. "अहो मामा, घड्याळ बघा. तुमची जेवायची सुट्टी संपली. टाकीवर चढा आणि पातळी सांगा." डबा तसाच मिटला आणि शिडी चढलो. वरून बघतो तर खाली मॅडम खुर्चीवर उभ्या राहून घड्याळ मागे करतायत.

आता या बाईंना मी मानतो कशासाठी, ते ऐका. आमचं पाणी येतं लांबच्या धरणातून, एका पाइपातून. वाटेत आधी आमचं शहर, मग गावं, आणि सगळ्यात शेवटी टोकाचं गाव. शहर ढसाढसा पिणार आणि टोकाला पोचणार हवा. तिथे नळ उघडला की आधी शिट्टी, मग चार थेंब, मग परत शिट्टी. टोकाचं गाव म्हणजे माझी सासुरवाडी, त्यामुळे ही शिट्टी मला लग्नापासून ऐकवली जाते. "जावई चावीवाला आणि घरात ठणठणाट," हे सासूबाईंचं पेटंट वाक्य.

मॅडमना शहरात बंगला मिळत होता. त्यांनी घर घेतलं टोकाच्या गावात, शेवटच्या नळाच्या शेवटच्या घरात, सासूबाईंच्या भिंतीला भिंत लावून. हेडक्लार्कने विचारलं, एवढ्या लांब कशाला? तर म्हणाल्या, "पाणी पोचलं की नाही हे मला कचेरीत कळत नाही. सकाळी तोंड धुवायला मिळालं की कळतं." ज्या दिवशी मॅडम पारोशा यायच्या त्या दिवशी आमची कोणाची खैर नसायची.

सासूबाई तर त्यांच्यावर लट्टू. "तुझ्यापेक्षा ही बरी. निदान दुष्काळात सोबतीला तरी आहे."

मॅडमच्या डोक्यात एकच गोष्ट होती, शहराच्या मधोमध असलेलं तळं. ते जिवंत झालं तर शहराने आपलं पाणी प्यायचं, आणि धरणाचं पाणी सरळ टोकापर्यंत जाऊ द्यायचं. साधा हिशोब. फक्त तळं तेव्हा तळं राहिलं नव्हतं. जलपर्णी इतकी दाट की तिच्यावरून कुत्रं या काठाहून त्या काठाला चालत गेलेलं मी स्वतः पाहिलंय. पायही भिजले नाहीत त्याचे.

मॅडमनी आधी तळ्यात येणारी गटारं वळवली. मग जलपर्णी ओढून काढली. मग गाळ. खोदायच्या मशीनवाल्याला चेव आला होता, अजून खाली जाऊ म्हणाला. मॅडम चपला काढून चिखलात उतरल्या, पायाच्या अंगठ्याने चाचपलं आणि हात वर केला. "बस. गाळ संपला. खाली चिकणमाती आहे, ती भांड्याची कल्हई समजा. ती खरवडली तर भांडं गळणार." प्रत्येक ठिकाणी असंच. मशीन पुढे आणि गुडघाभर चिखलात बाई मागे. संध्याकाळी त्या कचेरीत यायच्या तेव्हा शिपाई विचारायचा, "कोण पाहिजे आपल्याला?"

पावसाळा सरला आणि तळं काठोकाठ भरलं. पाणी असं की तळाचा दगड मोजावा. कुठून कुठून पक्षी आले. माझ्यासारखा टवाळ माणूससुद्धा काठावर जाऊन गुमान उभा राहायला लागला.

आणि मग तळं उतरायला लागलं.

शहराला त्यातलं पाणी अजून सोडलंही नव्हतं. ऊन होतं, थोडं उतरणारच. पण हे थोडं नव्हतं. आमच्या पाणी समितीच्या अध्यक्षांना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांना आम्ही कारंजेसाहेब म्हणतो. तळ्यासमोर त्यांचं हॉटेल आहे, हॉटेलसमोर कारंजं आहे, आणि भाषणातही ते असेच वर उडतात आणि तिथेच पडतात. त्यांना पहिल्यापासून अर्धं तळं बुजवून तिथे दुकानं काढायची होती.

मॅडमनी मला एक बादली आणायला लावली.

"आता बादलीने तळं भरायचं का, मॅडम?"

"नाही मामा. बादलीला विचारायचं."

तळ्यात मधोमध जुना दगडी मनोरा आहे. पूर्वी पाणी उचलायचे तिथून. काठापासून तिथवर दगडी वाट आहे आणि मनोऱ्याला खाली उतरत्या पायऱ्या. त्यातल्या पाण्यातल्या पायरीवर बादली ठेवली, तळ्याच्याच पाण्याने भरून, आत खूण करून. "हिला बूड आहे हे आपल्याला नक्की माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "दोघांवर ऊन तेच, वारा तोच. बादली जेवढी उतरेल तेवढं उन्हाने नेलं. तळं त्याहून जास्त उतरलं, तर उरलेलं कोणीतरी नेतंय."

मला काम दिलं, रोज सकाळी मनोऱ्याच्या भिंतीवर पाणी असेल तिथे खडूने रेघ मारायची. निघताना बोट रोखून म्हणाल्या, "आणि हे बघा. माझी खुर्ची पळवा, घड्याळ फिरवा, काय वाटेल ते करा. बादलीला हात लावायचा नाही."

मी आईची शपथ घेतली. पण एवढी भरलेली बादली, आजूबाजूला कोणी नाही, आणि माझ्यासारखा माणूस! हात शिवशिवायचे. पाठीमागे बांधून उभा राहायचो.

बादली दोन बोटं उतरली. तळं वीतभर.

समितीच्या बैठकीत कारंजेसाहेब उडाले. "बाई, तुम्ही तळच फोडलात! तळ्याला भोक पाडलंत! पुढच्या बैठकीपर्यंत कारण दाखवा, नाहीतर अर्धं तळं बुजवायचा ठराव मांडतो."

"गाळ काढायला घेतला होता," मागच्या बाकावरून कोणीतरी बोललं, "आणि निघतायत गाळे."

सगळे हसले. साहेबांनी वळून पाहिलं. मीही वळून शेजाऱ्याकडे पाहिलं, रागाने.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकला. "तळं गेलं तर टोकाला शिट्टीच, मामा. कायमची." आणि तडक तळ्याकडे चालायला लागल्या.

काठावर उभ्या राहून बराच वेळ त्या मनोऱ्याकडे बघत होत्या. माझ्या खडूच्या रेघा एकाखाली एक, शिडीसारख्या.

"मामा, या शिडीच्या पायऱ्या सारख्या का नाहीत?"

"माझा हात हलला असेल."

"नीट बघा. पाच-सहा पायऱ्या लांब लांब, मग दोन चिकटलेल्या. परत लांब लांब, परत चिकटलेल्या."

बघितलं. रोज मीच मारलेल्या रेघा, पण मला दिसलं नव्हतं. चिकटलेल्या रेघांतली खालची कधीची, ते बोटांवर मोजलं. दर वेळी सोमवार सकाळ. म्हणजे रविवारी तळं जवळजवळ उतरतच नव्हतं.

मॅडमचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "तळाला भोक असतं तर ते रविवारची सुट्टी घेतं का, मामा? भोक नाही हे. हा कोणाचा तरी धंदा आहे!"

जुने सगळे पाइप मनोऱ्याच्या बुडातून निघायचे. कागदोपत्री सगळे बंद केलेले. त्यातला एखादा कुठेतरी चालू होता, पण कुठे? जमिनीखाली पाइपांचं जाळं म्हणजे सुतळीचा गुंता.

"रंग टाकू," मी म्हणालो. गळती शोधायचा हिरवा रंग आमच्या गोदामात असतो. मनोऱ्याच्या बुडाशी टाकायचा आणि हिरवं पाणी कुठे निघतंय ते बघायचं. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: कारंजेसाहेबांचं कारंजं, आणि त्यातून उडणारी हिरवीगार धार! पाहुणे बोंबलतायत, साहेब छत्री घेऊन पळतायत. हॉटेलचं कारंजं रविवारी बंद असतंच. सगळं जुळत होतं.

"लोक घाबरतील," हेडक्लार्क म्हणाला. "विष कालवलं म्हणतील."

मॅडमनी पेलाभर पाण्यात चिमूटभर रंग ढवळला आणि सगळ्यांसमोर गटागटा पिऊन टाकला. "झालं?" म्हणाल्या. जीभ पोपटासारखी हिरवी. त्याच जिभेने दिवसभर बैठका घेतल्या, आणि समोरच्यांची हसायची हिंमत झाली नाही. मला तर डबा बाजूला ठेवून आडोशाला जावं लागलं.

सोमवारी सकाळी मनोऱ्याच्या बुडाशी रंग सोडला. मॅडम ऐकायची काठी घेऊन निघाल्या. ही लाकडाची साधी काठी. एक टोक पाइपाच्या झाकणाला, एक कानाला, की जमिनीखाली पाणी वाहतंय का ते ऐकू येतं. मी निघालो थेट हॉटेलसमोर. चहा मागवला आणि कारंज्याकडे टक लावून बसलो. पहिल्या नाटकाला आलेल्या माणसासारखा.

कारंजं उडत होतं. स्वच्छ, पांढरं शुभ्र. दुसरा चहा झाला, तिसरा झाला. पांढरंच.

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, असाल तसे दादाच्या दुकानात या."

"काय झालं?"

"या म्हटलं ना!"

दादा म्हणजे माझा मेहुणा. त्याची लाँड्री आहे, हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे पडदे असलं मोठं काम. स्वतः असा स्टार्च केलेला फिरतो की बसला तर मोडेल असं वाटतं. म्हणून मी त्याला कडक म्हणतो. दुकानात पोचलो तर कडक जमिनीवर बसलेला, चुरगळून. भोवती दोऱ्यांवर चादरीच चादरी. सगळ्या पोपटी.

माझं हसू आधी फुटलं आणि मग हिशोब लागला.

"दाजी," कडक म्हणाला, "मशीनला काय झालंय बघा ना. सकाळपासून कापड हिरवं निघतंय."

"पाणी कुठलं आहे रे तुझं?"

त्याने मागच्या कोपऱ्यातली तोटी दाखवली. ही शेड पूर्वी बर्फाच्या कारखान्याची. तोटी तेव्हापासूनची, भाड्याने घेतली तेव्हा कोरडी ठाक. "मी टँकरच घ्यायचो. आणि या वर्षी एक दिवस आपोआप ठिबकायला लागली. मोटर लावली तर धो धो."

"आणि तू कोणाला विचारलं नाहीस?"

"दाजी, येणाऱ्या पाण्याला कोणी विचारतं का, कुठून आलास? विचारलं की बंद होतं."

खोटं कशाला बोलू, त्याच्या जागी मीही विचारलं नसतं. डोक्यात लख्ख उजेड पडला: तळ्यातल्या गाळानेच त्या पाइपाचं तोंड बुजलं होतं. मॅडमनी गाळ काढला आणि बूचही निघालं.

कडकने माझा हात धरला. "तुमच्याकडे चावी आहे. मागच्या बोळात झाकण आहे याचं. गपचूप बंद करून टाका, कोणाला कळतंय? माझं नाव निघालं तर हॉटेलवाले उद्या दुसरीकडे जातील. मी संपलो."

आणि इथे, बघा, माझी पंचाईत झाली. गपचूप बंद केलं तर तळं उतरायचं थांबेल. पण बैठक दुसऱ्याच दिवशी. कारण दाखवता आलं नाही तर मॅडमच्या पदरात भोकच पडणार, आणि तळ्यात माती. दुसरीकडे बायकोचा सख्खा भाऊ. मी बायकोकडे बघितलं. ती दाराला टेकून उभी होती.

"बघताय काय?" ती म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांची फजिती केलीत. आता घरची पाळी आली तर तोंड का हिरवं पडलं?"

"अगं, तुझा भाऊ आहे."

"आणि टोकाला आई आहे. त्याचीही आहे." मग कडककडे वळली. "दादा, आई तिकडे रांगेत कळशी धरून शिट्टी ऐकते, आणि तू इथे लोकांच्या चादरी धुतोस. त्याच पाण्यात. ऊठ."

कडक उठला नाही. पण त्याने माझा हात सोडला. मी दोरीवरची एक चादर ओढली, काखेत मारली आणि बाहेर पडलो.

बाहेर बघतो तर बोळाच्या तोंडाशी मॅडम. लोखंडी झाकणावर काठी टेकवलेली, काठीला कान, डोळे मिटलेले, भर रहदारीत. रिक्षावाले वळसा घालून जात होते. पार तळ्यापासून झाकणामागून झाकण ऐकत त्या इथवर आल्या होत्या. माझी चाहूल लागली तसं त्यांनी बोट ओठावर ठेवलं.

"श्श. इथे खाली पाणी वाहतंय. जवळच कुठेतरी मोटर आहे."

"ऐकायची गरज नाही, मॅडम," मी म्हणालो. "आत या आणि बघाच. दुकान माझ्या मेहुण्याचं आहे."

त्यांनी डोळे उघडले. चादर बघितली, मला बघितलं. मला वाटलं, आता जीभ आखडणार. त्या एवढंच म्हणाल्या, "घरातूनच आणलीत?"

"हो."

"चला."

आत गेल्या, तोटी बघितली, शेडचा इतिहास ऐकला, आणि कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे बूच मीच काढलं की!" मग कडकला म्हणाल्या, "उद्या बैठकीला यायचं. माझ्या बाजूला उभं राहायचं. तुम्ही तुमचं सांगा, मी माझं सांगते."

"बाई, मला शिव्या घालतील."

"निम्म्या मला घालतील. वाटून घेऊ."

बैठकीत मॅडमनी ती चादर टेबलावर पसरली. कारंजेसाहेबांनी नाक मुरडलं. "हे काय धुणं आणलंय इथे?"

"हे तळ्याचं पाणी आहे, साहेब. सोमवार ते शनिवार इथे जात होतं." त्यांनी सगळं सांगितलं. जुना पाइप, गाळाचं बूच, आणि सगळ्यात आधी, "तो पाइप मनोऱ्यापाशी बंद आहे की नाही हे गाळ काढण्याआधी मी उतरून तपासायला हवं होतं. मी कागदावर विश्वास ठेवला. चूक माझी."

 त्या खोलीत 'चूक माझी' हे शब्द भिंतींनीही पहिल्यांदाच ऐकले असणार. कडक उभा राहिला, दोनदा खोकला, आणि त्यानेही सांगून टाकलं. त्याचा शर्ट मात्र कडक होता.

"म्हणजे या बाईंची चूक आणि या लाँड्रीवाल्याची चोरी!" साहेब उडाले. "कोण आहे ते गिऱ्हाईक, ज्याच्यासाठी तळं उपसलं?"

मॅडमनी चादरीचा कोपरा सरळ करून त्यांच्यापुढे ठेवला. कोपऱ्यात हॉटेलची खूण विणलेली होती. कारंजं.

मला हिरवं कारंजं बघायचं होतं ना? बघायला मिळालं. अगदी समोर, समितीच्या टेबलावर, पोपटी धारेसकट. मागचे बाक हसून हसून हलत होते, आणि या वेळी शेजाऱ्याकडे बघायचीही गरज पडली नाही.

साहेब बसले. ठराव झाला: पाइपाच्या तोंडाला पक्कं बूच घाला, परत बादली ठेवा. महिनाभराने तळं आणि बादली सारखी उतरली तर तळं राहील.

कडकचं गिऱ्हाईक गेलं नाही. कारंजेसाहेबांना त्या चादरीची कोणी परत आठवण करून द्यायला नको होती, त्यामुळे काम त्याच्याकडेच राहिलं. मॅडमनी त्याला शेवटच्या विसळणीचं पाणी साठवून पहिल्या धुण्याला वापरायला शिकवलं. तो आधी कुरकुरला. आता गिऱ्हाइकांना असं समजावतो जसं काही त्यानेच शोधून काढलंय.

मी रोज सकाळी रेघा मारत राहिलो. पायऱ्या बारीक बारीक, सगळ्या सारख्या. रविवारची इतर दिवसांच्या शेजारी ओळखू येईना. बादलीत दोन बोटं, भिंतीवर दोन बोटं. हात मी पाठीमागे बांधूनच ठेवत होतो.

मापाचा दिवस आला. सकाळी पायऱ्या उतरलो आणि बादलीत डोकावलो.

बादली काठोकाठ भरलेली! खुणेच्या वर, पार तोंडापर्यंत. कोणीतरी पाणी ओतलं होतं. आता कसलं माप आणि कसलं काय? समिती म्हणणार, बघा, बादली जागच्या जागी आणि तळं खाली. टोकाचं गाव, सासूबाई, चिखलातल्या मॅडम, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी तिथेच पायरीवर बसलो. सांगायला लाज वाटते, पण डोळ्यांत पाणी आलं.

मनोऱ्याच्या मागून उचकी ऐकू आली. मग दुसरी. मग खो खो हसणं.

मॅडम भिंतीला धरून वाकल्या होत्या. "अहो मामा, समितीने काल संध्याकाळीच येऊन मोजलं. दोन्ही सारखी. सह्या झाल्या. तळं राहिलं." डोळे पुसत म्हणाल्या, "चाचणी संपली. आता बादलीला हात लावलेला चालतो."

मी उठलो. बादलीला हात लावला. महिनाभर शिवशिवलेला हात, त्याला सांगावं लागलं नाही.

मॅडमना वेळेवर कळलं. चपला हातात घेऊन त्या दगडी वाटेवरून अशा धूम पळाल्या की काठावरचा पक्ष्यांचा अख्खा थवा उडाला. मी बादली भिरकावली, पण हसण्याने नेम चुकला. पाणी सगळंच्या सगळं तळ्यात पडलं.

बरंच झालं म्हणा. बाहेर सांडलं असतं तर तुरटीने त्याचंही कारण मागितलं असतं.